कोकणात ठेवायला जुनं चार आसनी विमान: कुठलं घ्यावं, आणि पुढे त्यात काय काय बदलता येईल?

देवगडचा_पारवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय वाचून निम्मे लोक हसणार हे गृहीत धरलंय. हसून झालं की उत्तरं द्या.

माझ्याकडे पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. परदेशात काढलं, इथे रीतसर रूपांतर करून घेतलं, रेडिओवर बोलण्याचा परवाना (एफआरटीओएल) हातात आहे. आजवरचं बहुतेक उड्डाण सेस्ना १७२ वर, तेही भाड्याच्या. आता स्वतःचं घ्यायचं आहे, जुनंच, कारण नव्याची किंमत ऐकून घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. ठेवायचं सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर (परवानगी आणि जागेसाठी अर्ज सुरू आहे), आणि जायचं मुख्यतः कोल्हापूरला सासरी, बेळगावला आणि अधूनमधून मुंबईला, म्हणजे जुहूला. माणसं: मी ८२ किलो, बायको ६४, मुलगी ४४, मुलगा २७. कधी बायकोच्या जागी माझी आई, वय ६८, गुडघे कुरकुरतात.

पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता, उपकरणांवर उडण्याची पात्रता) करायचा विचार आहे. म्हणजे विमान असं हवं की आज घेतलं आणि चार वर्षांत ऑटोपायलट, चांगला जीपीएस वगैरे टप्प्याटप्प्याने घालता आलं. सध्या नजरेसमोर चार आहेत, चारही भारतात नोंदलेली:

अ) सेस्ना १७२एस, एका फ्लाइंग स्कूलचं. तास भरपूर, इंजिन नुकतंच ओव्हरहॉल केलेलं, म्हणजे पूर्ण उघडून पुन्हा बांधलेलं.
आ) सेस्ना १८२टी, २००५ चं, जी१००० वालं (काट्यांच्या घड्याळांऐवजी पडदे असलेलं पॅनेल). एकच मालक, तास खूप कमी.
इ) पायपर आर्चर, जुनं, सगळी घड्याळं काट्यांची.
ई) डायमंड डीए४० एनजी. सर्वांत महाग.

मन १८२ वर बसलंय, खोटं कशाला बोलू. तुमची मतं सांगा.

---

पांढरा_कावळा

हसून झालं. मुंबईला वंदे भारत जाते, कणकवलीला थांबते, चहाही मिळतो. बाकी चालू द्या.

---

पश्चिमवारा

मी देशावर एका स्कूलमध्ये शिकवते, १७२ आणि डीए४० दोन्हीवर तास आहेत. पारवादादा, तुमची यादी विमानांची आहे. मी तुमच्या जागी असते तर आधी इंधनाची यादी केली असती.

१७२, १८२, आर्चर या तिघांना एव्हगॅस लागतो, १०० एलएल. डीए४० एनजीचं इंजिन डिझेल, ते एटीएफवर चालतं, जे मोठी विमानं पितात. आपल्या देशात एव्हगॅस हा मुख्यतः फ्लाइंग स्कूलच्या अवतीभवती सापडणारा पदार्थ. आणि मिळतो तो पिंपांतून. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत तो सगळा आयात व्हायचा; तेव्हापासून इंडियन ऑइल बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला लागलं. पुरवठा सुधारला, पण म्हणून तो प्रत्येक विमानतळावर नळाला यायला लागला असं नाही.

याचा तुमच्या उड्डाणावर परिणाम असा की जिथे जाल तिथे भरता येईल असं धरून चालता येत नाही. जाण्याचं आणि परतीचं दोन्ही इंधन चिपीहूनच घेऊन निघायचं. चिपी ते जुहू सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर, १९० नॉटिकल मैल. १७२ ला पावणेदोन तास. जाऊन-येऊन साडेतीन तास, तासाला ३४ लिटर धरले तर १२० लिटर, वर राखीव. म्हणजे दीडशेच्या वर लिटर, ११० किलोपेक्षा जास्त वजन नुसत्या इंधनाचं. १७२एस ची एकूण वाहक्षमता साधारण ३८५ किलो असते, पण त्या विमानाचा वजनाचा अहवाल मागा; शाळेच्या विमानांना रंगाचे थर आणि दुरुस्त्या बऱ्याच चढलेल्या असतात. उरतात २७० किलो. तुम्ही चौघं २१७, सामान २०. आज बसतं. मुलगा दहावीत गेला की बसणार नाही.

---

देवगडचा_पारवा

ताई, मनापासून आभार. इंधनाचा विचार केला होता, पण "पिंपं आणून ठेवू" एवढाच. आमच्या आंब्याच्या शेडमध्ये जागा भरपूर आहे.

---

जुना_ग्राउंड_इंजिनिअर

शेडमध्ये ठेवू नका. एव्हगॅस पेट्रोलियम कायद्याप्रमाणे 'अ' वर्गात मोडतो. विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतो. एक पिंप २०० लिटरचं. म्हणजे पेसोचा (ज्वालाग्राही पदार्थांवर देखरेख करणारं केंद्राचं खातं) परवाना, अंतर, अग्निशमन, सगळं आलं. पेंढ्यात हापूस पिकत घातलाय त्याच छपराखाली पिंप ठेवाल तर परवान्याच्या आधी आग येईल. विमानतळाच्या हद्दीत, नियमाने, कुणाशी तरी करार करून ठेवा.

बाकी सविस्तर रात्री लिहितो. वेंगुर्ल्यात लाइट गेलीय.

---

कोंबडीवडे

एक बाळबोध प्रश्न. पंपावरचं साधं पेट्रोल नाही चालणार? अमेरिकेत चालवतात म्हणे.

---

पश्चिमवारा

काही जुन्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांना तिकडे तशी मान्यता आहे, पण तिची पहिली अट इथेनॉल नको. आपल्या पंपावर आता ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या, सीलं, टाकीचं सीलंट खातं, आणि वर गेल्यावर वाफेचा अडथळा करू शकतं. धाग्यातल्या एकाही विमानाला चालणार नाही. विषय संपला.

---

मालवणी_हिसको

पारव्या, मी काय म्हणतंय, पावसात चार महिने त्या विमानाचा काय करतलस? आमी होडी किनाऱ्यार ओढून झापांनी झाकून ठेवतंव, नारळी पुनव झाली की परत पाण्यात. विमानाक झापां घालतलस? खारो वारो काय सोडना नाय रे. माझ्या बुलेटचो सायलेन्सर दोन वर्सांत गेलो, घर समुद्रापासून अर्ध्या मैलार.

---

जुना_ग्राउंड_इंजिनिअर

हिसकोभाऊंनी मुद्द्याला हात घातला. चारही विमानांपेक्षा मोठा प्रश्न तोच. आता बसून लिहितो, लांबेल.

१७२, १८२, आर्चर तिघांत लायकमिंग कंपनीचं इंजिन. त्यात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन बंद केलं की तेल खाली निथळतं आणि कॅम कोरडा पडतो. रोज-दोन रोजांनी उडत असेल तर तेलाचा पापुद्रा टिकतो. चिपीसारख्या ठिकाणी, जून ते सप्टेंबर, हवेत ओल आणि मीठ दोन्ही, तिथे न उडता उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं. त्या गंजाचे ठिपके कॅमच्या उंचवट्यांवर आणि त्यांना टेकणाऱ्या टॅपेटवर पडतात, पुढे चालवलं की पृष्ठभाग सोलत जातो, आणि बारीक लोखंड तेलातून सगळीकडे फिरतं. बाहेरून इंजिन चकचकीत. सुरू केलं तर पहिल्या फटक्यात सुरू.

त्यात लोक काय करतात, "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं जमिनीवर चालवून ठेवतो" म्हणतात. हे न चालवण्यापेक्षा वाईट. जळण्यातून तयार झालेलं पाणी तेलात उतरतं, आणि दहा मिनिटांत तेल एवढं तापत नाही की ते पाणी उडून जाईल. त्यासाठी हवेत जाऊन चांगलं तासभर उडवायला लागतं. नाही उडवता येत तर इंजिन रीतसर झोपवा: प्रिझर्व्हेशन ऑइल, प्लगच्या जागी ओल शोषणारे निळे डेसिकंट प्लग, एक्झॉस्ट आणि हवेची तोंडं बंद. प्लग गुलाबी झाले की बदला. आमच्या हवेत ते लवकर गुलाबी होतात.

आता तुमच्या "आ" विमानाकडे येतो. २००५ चं, एकच मालक, तास कमी. विकणारा याच तीन गोष्टी ठळक करून सांगत असेल. माझ्या वहीत या तिन्ही तक्रारी आहेत. लायकमिंग या इंजिनाला ओव्हरहॉलची मुदत २००० तास किंवा १२ वर्षं म्हणते. तास कमी म्हणजे ते उभं होतं. उभं कुठे होतं? तुमच्या हातात जाहिरात आहे, माझ्यासाठी तिच्यापेक्षा उभं राहण्याची जागा आणि महिने महत्त्वाचे. लॉगबुकची पानं इथे टाकता येतील का? नोंदणी क्रमांक आणि नावं झाकून.

खाऱ्या हवेचं दुसरं. जुन्या सेस्ना आणि पायपरमध्ये आतल्या पत्र्यांना प्राइमर लावलेला असेलच असं नाही, कित्येक वर्षं तो ऐच्छिक होता. त्यामुळे पंखाच्या आत, शेपटाच्या आत, जमिनीच्या फळीखाली बघायचं. रिव्हेटच्या भोवती रंगाला फोड आलेत का, पत्र्याच्या जोडात पांढरी भुकटी दिसते का. डीए४० ची कातडी कंपोझिटची, तिला गंज नाही, पण कंट्रोल रॉड, बेअरिंग, वायरींचे कनेक्टर हे धातूचेच. त्यामुळे "कंपोझिट आहे, कोकणाला उत्तम" हे अर्धंच खरं.

---

ह्यूस्टनचा_दादूस

१८२ चा माजी मालक म्हणून लिहितो. जुनं, १९७० च्या दशकातलं, कार्ब्युरेटरवालं होतं. विमान म्हणून १८२ ला तोड नाही. २३० अश्वशक्ती, वाहक्षमता पाचशे किलोच्या आसपास, चार माणसं, सामान आणि चार तासांचं इंधन घेऊन निमूट चढतं. पारवाशेठ, तुमचं मन बरोबर ठिकाणी बसलंय.

फक्त एक. कुणी स्वस्तात जुनं कार्ब्युरेटरवालं १८२ दाखवलं तर कोकणात जपून. त्यातल्या कॉन्टिनेंटल ओ-४७० इंजिनाला कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायची खोड आहे. बर्फ म्हटल्यावर आपल्याकडचे हसतात, पण बाहेर २५ अंश तापमान आणि भरपूर दमट हवा असताना, पॉवर कमी करून खाली उतरताना, कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातलं तापमान शून्याखाली जातं. गल्फच्या किनाऱ्यावर हे नेहमीचं, आणि तुमचा किनारा त्याहून दमट. १८२टी ला कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे हा प्रश्न नाही. १७२एस लाही नाही. आर्चरला कार्ब्युरेटर आहे, पण त्याची खोड ओ-४७० एवढी नाही.

---

पश्चिमवारा

दादूस +१. आर्चरबद्दल एक भर. ४ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत डेटोना बीचला पायपर ॲरोचा पंख हवेत तुटला, शिकवणीचं विमान होतं. त्यानंतर एफएएने, म्हणजे तिकडच्या विमान नियामकाने, पायपरच्या पीए-२८ (आर्चर, ॲरो यातलीच) आणि पीए-३२ घराण्यातल्या अनेक मॉडेलसाठी स्पारच्या, म्हणजे पंखाच्या मुख्य कण्याच्या, बोल्टच्या भोकांची एडी करंट तपासणी (लपलेल्या चिरा शोधणारी) काढली. कोणाला कधी लागते हे एका सूत्राने ठरतं, आणि त्यात शिकवणीत, दर शंभर तासांच्या तपासणीत गेलेले तास जड धरले जातात. आर्चर घ्यायचं तर हे सूत्र मांडून, तपासणी झाल्याचा कागद बघून. झालेली असेल तर विमान वाईट नाही.

पण तुमच्या आईंसाठी आर्चर नको. दार एकच, उजव्या बाजूला, पंखावर चढून आत सरकायचं. डीए४० लाही पंखावर पाय द्यावा लागतो, आणि काचेच्या छताखाली एप्रिलमध्ये चिपीच्या कातळावर विमान जमिनीवरून चालवत नेताना आतल्या माणसांची भाजी होते. सेस्नाला दोन दारं, डोक्यावर पंखाची सावली, खाली किनारा दिसतो. मुलांना दाखवायला तेच. आमच्याकडे आलेल्या पालकांना मी हे सांगते तेव्हा ते "सुरक्षा काय" विचारतात. ज्या विमानात घरचे आनंदाने बसत नाहीत ते उडत नाही, आणि न उडणाऱ्या विमानाचं काय होतं ते इंजिनिअरकाकांनी वर लिहिलंय.

---

हिशेबनीस

विमानातलं कळत नाही, करातलं कळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के. आधी २८ अधिक ३ सेस होता. नोंदणीकृत संस्थेकडून, म्हणजे त्या फ्लाइंग स्कूलकडून घेताना बिलात कर कुठल्या दराने लागतो ते सह्यांआधी लेखी मागा. "आंब्याच्या कंपनीच्या नावावर घेऊ, क्रेडिट मिळेल" असं कुणी सुचवलं असेल तर विसरा. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली विमानावर भरलेल्या कराचं क्रेडिट अडवलेलं आहे, पुनर्विक्री, प्रवासी वाहतूक, शिकवणी असे मोजके अपवाद सोडून.

आणि मुंबईच्या मित्राकडून सीटचे पैसे घेऊन "खर्च वाटून घेऊ" हेही नको. पीपीएलवर मोबदला चालत नाही, हे मला सुद्धा माहीत आहे.

---

कोंबडीवडे

मग हापूसच्या पेट्या?

---

देवगडचा_पारवा

स्वतःच्या घरी स्वतःच्या पेट्या नेता येतील, भाड्याने नाही. आणि १७२ च्या सामानाच्या कप्प्याची मर्यादा ५४ किलो. पाच डझनी तीन पेट्या गेल्या की संपलं. सासरेबुवांना कळवलं आहे.

आता गंभीर प्रश्न. समजा इंधनाचं जमलं, पावसाळ्याचं जमलं. पुढच्या बदलांचं काय? मला वाटत होतं की जी१००० असलेलं घेतलं म्हणजे अर्धं अपग्रेड झालेलंच आहे.

---

ह्यूस्टनचा_दादूस

उलट. हा मुद्दा कुणीतरी काढेल म्हणून थांबलो होतो.

काट्यांची घड्याळं असलेलं पॅनेल टप्प्याटप्प्याने बदलता येतं. आज व्हॅक्यूमवर चालणारं होरायझन काढून त्याच भोकात जीआय २७५ हे डिजिटल घड्याळ बसवलं, पुढच्या वर्षी जीटीएन ६५० जीपीएस, त्यानंतर जीएफसी ५०० ऑटोपायलट. पैसे जमतील तसं. जी१००० हे एकसंध यंत्र. त्यातला एक तुकडा काढून दुसऱ्याचा घालता येत नाही. २००५ च्या १८२टी मध्ये जी१००० बरोबर केएपी १४० ऑटोपायलट येतो, तो वेगळ्या कंपनीचा, पॅनेलशी त्याचं बोलणं मर्यादित. पॅनेलशी पूर्ण जुळणारा जीएफसी ७०० ऑटोपायलट सेस्नाने २००७ पासून द्यायला सुरुवात केली. त्यामुळे २००५ आणि २००८ च्या १८२टी फोटोत जुळ्या दिसल्या तरी अपग्रेडच्या दृष्टीने दोन वेगळी विमानं आहेत. सुरुवातीच्या जी१००० ला सॅटेलाइटच्या सुधारित सिग्नलचा, म्हणजे डब्ल्यूएएएसचा, आधार नव्हता. तो नंतर घालता येतो, पण त्यासाठी आतले मोठे डबे बदलावे लागतात.

---

पश्चिमवारा

आपल्याकडे त्याच जातीचा गगन आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाचा. उतरताना उंचीच्या मार्गदर्शनासह वापरायला २०१५ मध्ये प्रमाणित झाला. त्यामुळे जीपीएस घेताना तो असा सुधारित सिग्नल वापरणारा (एसबीएसवाला) हवा. जुन्या विमानात जीएनएस ४३० हा जीपीएस दिसला की मागे 'डब्ल्यू' आहे का बघा. ४३० आणि ४३०डब्ल्यू हा एका अक्षराचा फरक नाही.

आणि दादूसना हे माहीत असणार नाही: तिकडची एसटीसी, म्हणजे बदलाची मंजुरी, असली म्हणजे इथे उद्या बसवलं असं होत नाही. बदलाला डीजीसीएची, म्हणजे आपल्या विमान नियामकाची, मान्यता, तो बसवायला त्या कामाची परवानगी असलेली संस्था, मग वजन-समतोल नव्याने, मग विमानाच्या उड्डाणयोग्यतेच्या कागदात (एआरसी) नोंद. तिकडे शनिवार-रविवारी होणारं काम इथे विमानाला महिनोन्‌महिने हँगरमध्ये ठेवू शकतं. आमच्या ओळखीत एकाने साधा रेडिओ बदलायला विमान आत घातलं, पाऊस येऊन गेला, विमान आतच. म्हणून माझं मत: भारतात 'घेऊन सुधारू' यापेक्षा हवं ते आधीच बसवलेलं, कागदांसकट, थोडं महाग घ्यावं. सहा काट्यांचं साधं पॅनेल कामचलाऊ आहे तोवर तसंच उडवावं आणि एकदाच, एका झटक्यात, सगळे बदल एकत्र मंजुरीला टाकावेत. तेही पावसाळ्यात, नाहीतरी तेव्हा उभंच आहे.

---

जुना_ग्राउंड_इंजिनिअर

पश्चिमवारा बाईंशी सहमत. पावसाळ्यात ओव्हरहॉल, पावसाळ्यात रंग, पावसाळ्यात रेडिओ. आणि ते काम देशावर. मे अखेर विमान घाटावर हलवा. बारामती, धुळे, जिथे जागा आणि लायसनवाला माणूस मिळेल तिथे. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो, सह्याद्री ओलांडला की तिकडे शेतकरी टँकर मोजत असतो. हिसकोभाऊंची होडी किनाऱ्यावर ओढतात, तुमची घाटावर ओढायची.

लायसनवाल्या माणसाचं लक्षात घ्या. तुमच्या विमानाचं बोल्ट तुम्ही फिरवून सही करू शकत नाही. पिस्टन विमानाचा, त्या प्रकारावर अधिकार असलेला एएमई (देखभालीचा परवानाधारक इंजिनिअर) लागतो. १७२ वर हात बसलेली माणसं आणि तिचे भाग महाराष्ट्रात सहज सापडतात, कारण बऱ्याच शाळांत ती आहे. डीए४० ही काही शाळांत आहे, पण एनजीचं ऑस्ट्रो इंजिन म्हणजे मुळात मर्सिडीजच्या मोटारीचं डिझेल, पाण्याने थंड होणारं, मधे गिअरबॉक्स, सगळं कॉम्प्युटरवर. आमच्यासारख्या जुन्या माणसाच्या कानाला त्यातलं काही ऐकू येत नाही, लॅपटॉप जोडावा लागतो. वाईट नाही. तासाला २०-२५ लिटर एटीएफ, कार्ब्युरेटर नाही, मॅग्नेटो नाही, मिश्रणाचा दांडा नाही. पण बिघडलं तर चिपीला कोण येणार, हे आधी फोन करून विचारा. आणि डीए४० टीडीआय स्वस्तात दिसलं तर ते एनजी नव्हे. त्यात थिलर्टचं इंजिन, ती कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे तो धंदा दुसऱ्यांकडे गेला. कुठलं इंजिन, त्याचे किती तास उरलेत, हे लेखी घ्या. ती ओव्हरहॉल होत नाहीत, बदलतात.

---

तिलारी_खोरं

उशिरा आलो. कुणी घाट चढण्याबद्दल बोललं नाही. चिपी-कोल्हापूर नकाशावर ११० किलोमीटर आहे म्हणून किरकोळ वाटतं. मध्ये सह्याद्रीची धार, दुपारनंतर तिच्यावर ढगांची गर्दी. आणि कोल्हापूरची धावपट्टी दोन हजार फुटांवर. मे महिन्यात ३८ अंशात तिथली हवा विमानाला सव्वापाच हजार फुटांसारखी लागते. भरलेल्या १७२एस ला तिथून समुद्रसपाटीचा ७३० फूट प्रति मिनिटाचा आकडा विसरायचा. सहाशेच्या आत धरायचं, आणि दहा हजार तास विद्यार्थ्यांनी आपटलेल्या विमानाला त्याहूनही कमी. चालतं, पण सकाळी सातला निघायचं, दुपारी दोनला नाही. १८२ ला हे प्रश्न पडत नाहीत.

आणि एकच इंजिन असताना समुद्रावरून सरळ रेषा कापू नका. १७२ इंजिन बंद पडल्यावर एक किलोमीटर उंचीवरून नऊ किलोमीटर तरंगते. किनारा त्याच्या आत ठेवा. लाइफ जॅकेट अंगात, डिकीत नाही. व्हीएफआरवर, म्हणजे नजरेने बघून उडताना, सूर्यास्ताआधी टायर जमिनीला. सासुरवाडीच्या जेवणानंतर हे विसरायला होतं.

---

कोंबडीवडे

सहा जणांचं का घेत नाही? आई, बायको दोघी येतील.

---

ह्यूस्टनचा_दादूस

सेस्ना २०६, पीए-३२. छान विमानं, ३०० अश्वशक्ती, तेवढंच जास्त पिणार. भारतात जुनं, कागद नीट असलेलं मिळालं तर मला आधी कळवा. परदेशातून आणायचं तर डीजीसीए आयातीच्या विमानाचं वय आणि नोंदी तपासते. चाळीस वर्षांचं स्वस्त २०६ बघून टोकन देऊ नका, आधी एनओसी.

---

देवगडचा_पारवा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस गप्प होतो कारण १८२टी च्या लॉगबुकची पानं मिळवत होतो. नावं झाकून टाकली आहेत, थोडक्यात लिहितो: एकूण ६८० तास. इंजिन मूळचंच, कधी ओव्हरहॉल नाही. २०१९ पर्यंत बऱ्यापैकी उडालं आहे. त्यानंतरच्या पाच वर्षांत मिळून ४० तासही नाहीत, आणि २०२०-२१ मध्ये जवळपास दीड वर्ष एकही नोंद नाही. ठेवलं होतं किनाऱ्यावरच, उघड्या हँगरमध्ये. प्रिझर्व्हेशनची नोंद सापडली नाही. ऑटोपायलट केएपी १४० च. विकणारा म्हणतो बोरोस्कोप (बारीक कॅमेरा आत घालून तपासणी) करून घेतलंय, सिलिंडर स्वच्छ आहेत, फोटो देतो.

१७२एस चीही पानं मागितली. तिचे तास बारा हजारांवर, पण इंजिन मागच्या वर्षी ओव्हरहॉल, आणि रोज उडते.

---

जुना_ग्राउंड_इंजिनिअर

बोरोस्कोपने सिलिंडरच्या आतली भिंत आणि व्हॉल्व्ह दिसतात. या इंजिनाचा कॅम त्याने दिसत नाही. दिसायचा तर एक सिलिंडर उतरवावा लागतो. विकणाऱ्याला तेच सांगा: माझ्या खर्चाने, माझ्या माणसासमोर, एक सिलिंडर काढू, कॅम आणि टॅपेट बघू, शेवटचा ऑइल फिल्टर कापून बघू. तयार असेल तर पुढे बोलू. तयार नसेल तर किंमत इंजिन संपलेलं धरून लावा. वीस वर्षं झाली, कागदावर ते संपलेलंच आहे, त्यामुळे ही घासाघीस नव्हे, हिशेब आहे. ओव्हरहॉलचे पैसे वजा करून जे उरेल त्यात हे विमान चांगलं ठरू शकतं, कारण इंजिन उतरलं की जी१००० चं आणि आतल्या गंजाचं कामही त्याच मुक्कामात होतं.

१७२ चे बारा हजार तास ऐकून दचकू नका. रोज उडणाऱ्याचं इंजिन तेलात राहतं. तिथे बघायचं ते वेगळं: नोज गिअरची (पुढच्या चाकाची) चौकट, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) सुरकुती, सीटचे रूळ झिजलेत का, दाराच्या खांबाला चिरा. विद्यार्थी नाकावर उतरवतात, त्याच्या खुणा फायरवॉलवर लिहिलेल्या असतात.

---

पश्चिमवारा

माझं मत १७२ कडे झुकतंय, तीन-चार वर्षांसाठी. रेटिंग होईपर्यंत मुलं मोठी होतील, तेव्हा १८२ घ्या, २००७ नंतरचं. १७२ विकायला आपल्याकडे गिऱ्हाईक मिळतं, शाळाच घेते. पण ते आधीच्या स्कूललाच परत विकायचं ठरवून घेऊ नका.

---

देवगडचा_पारवा

घरी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. आईचं मत दोन दारांना. बायकोचं मत सिलिंडर उतरवून बघण्याला, तेही "त्याचा खर्च कोण देणार" हे विचारून. मला अजूनही १८२ च हवंय, पण सिलिंडर न उघडता नाही. विकणाऱ्याला उद्या फोन करतो.

---

जुना_ग्राउंड_इंजिनिअर

फोन करताच आहात तर प्रोपेलरचंही विचारा. १७२ चं पातं ठोकळ असतं, १८२ चं कोन बदलणारं, त्याच्या हबमध्ये सीलं, ग्रीस, बेअरिंग. त्याला तासांबरोबर वर्षांची मुदत असते, साधारण सहा वर्षं. वीस वर्षांत ते किती वेळा उतरलं त्याची स्वतंत्र लॉगबुक मागा. नुसतं "प्रोपेलर ठीक आहे" म्हणाला तर पुढचा प्रश्न गव्हर्नरचा, म्हणजे पात्याचा कोन सांभाळणाऱ्या यंत्राचा.